नवव्या चंद्राचा ठेका

अंतराळात हवा नसते आणि हवा नसली की आवाज नसतो, हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. टीव्हीवाल्यांनी हा धडा ऑप्शनला टाकलेला असावा. कारण हल्ली कुठलीही अंतराळ मालिका लावा, यान दिसायच्या आधी ताइको, म्हणजे आमचा जपानी ढोल, ऐकू येतो. यान सज्जनांचं असेल तर एक ताइको, दुष्टांचं असेल तर बारा. नायक विचारात पडला तर लांबून एकच टोला, आणि ग्रह फुटणार असला तर मग बघायलाच नको. या प्रकाराला माझी तत्त्वतः हरकत होती. मग एक दिवस त्यांनी आमचाच ताइको मागितला आणि माझी हरकत दुपारच्या चहापर्यंत मावळली.

मी मिनेगिशी. कामिनुमा नगरपालिकेच्या सांडपाणी विभागात उपप्रमुख आहे आणि कामिनुमा ताइको मंडळात गेली एकोणीस वर्षं पितळी थाळी वाजवतो. लोक मोठ्या ताइकोकडे बघतात हे खरं, पण थाळीचा ठोका चुकला तर सगळेच चुकतात, असं मी बायकोला पुष्कळदा समजावलं आहे. चिझुको म्हणते, "अहो, तुम्ही चुकता तेव्हा तर कोणीच चुकत नाही." लग्नाला सव्वीस वर्षं झाली की माणसं अशी बोलतात.

मंडळात आम्ही सातजण उरलो होतो. सरासरी वय एकाहत्तर, आणि तेही माझ्यामुळे खाली आलेलं. म्होरके माझे सासरे, कुराहाशी गेन्झो, वय ब्याऐंशी, निवृत्त पाइप फिटर. शरद ऋतूतल्या उत्सवानंतर मंडळ बंद करायचं आणि ताइको संग्रहालयाच्या गोदामात ठेवायचा, असं ठरलं होतं. आमच्याकडे वाजवायला रचना एकच. ती गेन्झोबाबांनी पन्नास वर्षांपूर्वी गावच्या सांडपाणी केंद्राच्या उद्घाटनासाठी बांधली. त्या दिवशीच्या छापील पत्रिकेत मंत्र्यांचं नाव होतं, ठेकेदाराचं होतं, फुलं देणाऱ्याचंसुद्धा होतं. ताइकोवादनापुढे छापलं होतं, 'स्थानिक रहिवासी'. ती पत्रिका सासूबाईंनी देव्हाऱ्याच्या खणात जपून ठेवली. सासूबाई गेल्या, पत्रिका तिथेच आहे.

तर कुझे नावाच्या तोक्योतल्या एका संगीतकाराने नगरपालिकेच्या संकेतस्थळावर आमची चाळीस सेकंदांची फिल्म पाहिली. ती मीच काढली होती, कोपऱ्यात माझं बोटही दिसतं. 'नवव्या चंद्राची सेना' या मालिकेसाठी त्याला असाच ठेका हवा होता. फोनवर तो हळुवार आवाजात म्हणाला की यात त्याला तीन हजार वर्षं ऐकू आली. खरं तर मी तिथेच सांगायला हवं होतं की पन्नास. पण परक्या माणसाने केलेली स्तुती दुरुस्त करणं आमच्यात उद्धटपणाचं समजतात. अशा वेळी मान खाली घालून "छे छे, कसलं काय" म्हणायचं असतं. मी तसं म्हणालो. त्याने ते होकार समजून लिहून घेतलं आणि तीन हजार वर्षं कायम झाली.

चिझुकोने एकच अट घातली. "बाकी काय तो गोंधळ घाला, पण शेवटी पडद्यावर नावं पळतात ना, त्यात बाबांचं नाव आलं पाहिजे. ते स्वतः मागणार नाहीत. मंडळ बंद व्हायच्या आत एकदा त्यांचं नाव दिसू दे." मी म्हणालो, आलंच समज. सरकारी नोकरीत राहून हे दोन शब्द मी इतक्या सहज कसे उच्चारले, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

पहिला खोडा माझ्याच कचेरीत आला. ताइको उद्घाटनाच्या खर्चातून घेतलेला असल्यामुळे नोंदवहीत तो 'सांडपाणी केंद्र, उपकरण क्रमांक १४' म्हणून लागला होता. उपकरण जागेवरून हलवायचं तर नमुना नऊ भरावा लागतो. नमुना नऊ आठ वर्षांपूर्वी मीच तयार केला, कोणीतरी शिडी घरी नेली म्हणून. आमच्या विभागातल्या हामाजी नावाच्या कारकुनाने तो माझ्यापुढे ठेवला. उपकरणाचा विद्युतदाब किती, अश्वशक्ती किती, गळती आहे काय. मी म्हटलं, अरे, हा ताइको आहे. हामाजीने नम्रपणे मान झुकवली. "मिनेगिशीसान, रकाना रिकामा सोडता येत नाही. नियम तुमचाच आहे."

मी विद्युतदाब शून्य लिहिला, शक्तीच्या रकान्यात 'सात इसम' लिहिलं आणि गळती नाही म्हणून सही ठोकली. त्यावर सुरक्षा विभागाने, विजेशिवाय चालणारं हे कुठलं उपकरण, म्हणून तपासनीस धाडला. तो हातमोजे घालून आला. त्याने ताइकोला सगळीकडून बघितलं, बोटाने टिचकी मारली, ताइको घुमला, तसा तो एक पाऊल मागे सरला. मग त्याने ताइकोवर पिवळी चिठ्ठी डकवली: 'आवाज करते. दुरुस्ती आवश्यक.' ही चिठ्ठी काढायला नमुना अकरा लागतो. सुदैवाने नमुना अकरा मी तयार केलेला नाही, त्यामुळे तो एका पानात संपतो.

रेकॉर्डिंग बंद पडलेल्या शाळेच्या व्यायामशाळेत ठरलं. शाळेभोवती बेचाळीस घरं. आमच्याकडे आवाज होणार असेल तर आधीच घरोघर जाऊन, हातात एकेक टॉवेल ठेवून माफी मागायची पद्धत आहे. मी बेचाळीस टॉवेल आणले. वस्तीच्या समितीच्या अध्यक्षा इसोगाईबाई, वय पंचाहत्तर, यांच्यापासून सुरुवात केली. त्यांनी टॉवेल बोटांत धरून उजेडात पाहिला. मग मला बसवून घेतलं आणि सांगितलं की दंतवैद्यांनी साध्या मोरीची फरशी बदलली तेव्हासुद्धा तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांचा डबा दिला होता. एकूण फरश्या आठ, डबा एक. मी ताइकोच्या टोल्यांचा हिशेब मनात करून घाबरलो आणि बेचाळीस डबे आणले.

डबा मात्र इसोगाईबाईंनी लगेच घेतला नाही. आमच्या गावात कोणतीही गोष्ट तीनदा विचारावी लागते. पहिल्यांदा "नको नको", दुसऱ्यांदा "कशाला उगीच", आणि तिसऱ्यांदा "आता तुम्ही एवढं म्हणताय तर". दोनदा विचारून जो थांबला तो असंस्कृत. मी बेचाळीस दारांत तीनतीनदा वाकलो. तिसऱ्या दिवशी पाठीला पट्टा बांधला. चौथ्या दिवसापासून लोक परतफेडीच्या भेटी घेऊन आमच्या दारात येऊ लागले आणि त्या आम्ही दोनदा नाकारू लागलो. आमच्या घरात आजही मुळ्याचं लोणचं संपलेलं नाही.

रेकॉर्डिंगच्या दिवशी वस्तीने माफीची अशी काही लाज राखली की विचारू नका. कोणी कपडे धुतले नाहीत. कुत्री नातेवाइकांकडे रवाना झाली. एका आजोबांना खोकला होता, ते पहाटेच बसने बहिणीकडे गेले. कुझे काळे कपडे घालून उतरला, ती शांतता ऐकून त्याने डोळे मिटले आणि म्हणाला की या गावाला ताइकोची भीती वाटते. गावाला बिस्किटांचं ओझं झालं होतं, पण हे त्याला कोण सांगणार?

गेन्झोबाबा त्या दिवशी लग्नकार्याला घालायचा काळा कोट घालून आले होते. ताइको वाजवायला कोट कशाला, असं मला वाटलं. विचारायला वेळ झाला नाही.

आम्ही वाजवायला उभे राहिलो. धम्, धम्, मग एक लांब थांबा, आणि शेवटी कडेवर टक्. आमची रचना ही एवढीच, फक्त ती वाढत जाते. पहिलं वादन रंगात आलं आणि बाहेर भूकंपाची सूचना देणारे कर्णे खरखरले. समितीला ते जनहितार्थ वापरता येतात. इसोगाईबाईंचा आवाज डोंगरापर्यंत घुमला, "शाळेत रेकॉर्डिंग चालू आहे. सर्वांनी कृपया शांतता पाळावी." पुन्हा सुरू केलं. दहा मिनिटांनी पुन्हा शांततेचं आवाहन. मी पळत समितीच्या कार्यालयात गेलो. बाई म्हणाल्या, "तुम्ही बिस्किटं दिलीत, आता आम्ही हात बांधून कसं बसायचं?" मग आवाहन थांबवा म्हणून तीनदा विनंती करावी लागली. दोनदा त्या म्हणाल्या की यात कसला त्रास.

इकडे कुझेला आमच्यात योद्धे दिसेनात. त्याने सदरे काढायला सांगितले, छात्या उघड्या ठेवायला सांगितल्या, डरकाळी फोडायला सांगितली. सात छात्यांपैकी पाचांवर कंबरदुखीच्या मलमाच्या पट्ट्या होत्या. डरकाळी फोडली तेव्हा एकाची कवळी सुटली. तीन वाजता सगळे चहाला बसले आणि नवव्या चंद्राची सेना अर्धा तास भिजवलेल्या आल्याविषयी बोलत राहिली.

चहा घेताना कुझे बाबांसमोर गुडघे टेकून बसला आणि विचारू लागला की त्या मधल्या थांब्याचा अर्थ काय. बाबांनी चहाचा घोट घेतला. कुझे म्हणाला की त्याला त्या थांब्यात ताऱ्यांचा जन्म ऐकू येतो. बाबांनी पेला खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे कान लाल झाले. मला खरी गोष्ट ठाऊक होती. पन्नास वर्षांपूर्वी केंद्राचा दोन नंबरचा पंप लंगडत चालत होता. बाबा तीन दिवस त्याच्याशेजारी बसून होते. धम्, धम्, मग पाणी अडायचं, मग टक्. तो थांबा म्हणजे अडलेल्या सांडपाण्याचा थांबा. तारे त्यातून जन्मले असतील तर ते नीट धुऊन घ्यावे लागतील.

शेवटचं वादन पावणेपाचला संपलं. कुझेची टॅक्सी दारात उभी होती, पाच अठराची गाडी गाठायची होती. त्याने एक कागद माझ्या हातात दिला. तो आजच शिक्का मारून फॅक्सने तोक्योला जायला हवा, नाहीतर ठेका मालिकेतून गळेल, असं त्याने बजावलं. वरच रकाना होता: रचनाकार. मी बाबांकडे गेलो.

"बाबा, रचनाकार म्हणून तुमचं नाव घालतो."

"छे, माझं कसलं. ते आपलं असंच जमून आलं."

"असं कसं? तुम्हीच तर बांधलंय."

"नको हो जावईबापू. लोक हसतील."

आणि मी तिसऱ्यांदा तोंड उघडणार इतक्यात पाच वाजले. मुलांनी घरी जावं म्हणून गावात पाचला गाणं लागतं, ते सगळ्या कर्ण्यांतून एकदम सुरू झालं. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. कुझे घड्याळ दाखवू लागला. त्या गोंगाटात मी लिहिलं, 'पारंपरिक, कर्ता अज्ञात'. मंडळाचा शिक्का मारला आणि फॅक्सकडे धावलो. बेचाळीस घरांत बेचाळीस डब्यांसाठी तीनतीनदा विचारणारा हा माणूस स्वतःच्या सासऱ्यापाशी दोनवर थांबला.

घरी चिझुकोने भाताची वाटी पुढे ठेवली आणि किती वेळा विचारलंत, एवढंच विचारलं. मी खरं सांगितलं. तिने वाढायचा चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "बाबांनी आज सकाळी घराच्या कागदांचा शिक्का काढून घेतला होता. रेशमी फडक्यात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला होता." सहीऐवजी मारायचा तो शिक्का आमच्याकडे घर घेताना, जमीन विकताना बाहेर काढतात. कोट कशाला, ते मला तेव्हा कळलं. मला माझी लाज वाटली आणि ती अजूनही पुरती गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तोक्योला फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली की अज्ञात कर्ता ज्ञात करायचा असेल तर नगरपालिकेचा दाखला लागेल. मी जिना उतरून संस्कृती विभागात गेलो. तिथे आधीच पेढे वाटावेत असा आनंद होता. फॅक्सच्या मशीनमध्ये राहिलेल्या मालिकावाल्यांच्या कागदावर 'पारंपरिक' हा शब्द बघून त्यांनी आमची रचना रातोरात निदान चारशे वर्षं जुनी ठरवली होती आणि गावाचा वारसा म्हणून तिचा प्रस्ताव वर पाठवला होता. स्टेशनसमोर लावायच्या फलकाचा मजकूरही तयार होता.

मी म्हणालो, ही माझ्या सासऱ्यांनी बांधली आहे.

विभागप्रमुखांनी चष्मा काढला. "ते हयात आहेत का?"

"सकाळीच सायकलवरून टोफू आणायला गेले."

"मग अडचण आहे," ते मनापासून म्हणाले. हयात माणसाची रचना वारशात बसत नाही. त्यांनी सुचवलं की बाबांना रचनाकार म्हणण्याऐवजी परंपरेचे ज्येष्ठ वाहक म्हणता येईल, आणि मी जरा शांतपणे फेरविचार करावा. सरकारी माणसाला फेरविचार करायला लावणं किती क्रूर असतं ते मला प्रथमच समजलं, कारण आजवर ते वाक्य मी इतरांना ऐकवत आलो होतो. मी अर्ज दिला. तो अजून विचाराधीन आहे.

मालिकेचा तो भाग रविवारी संध्याकाळी सात वाजता लागणार होता. वस्तीच्या सभागृहात मोठा पडदा लावला. बेचाळीस घरं आली, आपापली उशी घेऊन. संस्कृती विभागाचे प्रमुख भाषणाचा कागद घेऊन पुढे बसले. बाबा शेवटच्या रांगेत, तोच काळा कोट घालून.

नवव्या चंद्राची सेना काळोखात उभी राहिली. सेनापतीच्या डोक्यावर शिंगं होती. एक ग्रह नष्ट करण्याआधी ते त्यांची दहा हजार वर्षांची प्रार्थना म्हणणार होते. धम्, धम्. थांबा. पडद्यावर एक तारा जन्मला. टक्. ग्रह फुटला. माझी थाळी कुठेच ऐकू आली नाही, ती कापली होती. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी यावर आठवडाभर बोललो असतो.

मग नावं पळू लागली. शिंगं बनवणाऱ्याचं नाव होतं. सेनापतीच्या जेवणाची व्यवस्था करणाऱ्याचं होतं. ताइकोपुढे लिहिलं होतं, 'पारंपरिक'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही वाजवल्या, नीट, तालात. चिझुको पडद्याकडे बघत राहिली. टाळ्या तिने वाजवल्या नाहीत.

प्रमुख उठले, घसा खाकरला आणि "चारशे वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी" इथपर्यंत पोहोचले. मीही उठलो. मी आयुष्यात वरिष्ठांचं वाक्य कधी मध्ये तोडलेलं नाही. पाठीचा पट्टा कचकचला.

"बाबा," मी म्हणालो, "हा ठेका कोणी बांधला?"

सभागृहातली बेचाळीस घरं मागे वळली. मी घाईघाईने खुलासा केला की दोनदा आधीच विचारून झालं आहे, ही तिसरी खेप. लोकांनी माना डोलावल्या. मग आता उत्तर द्यायला काहीच हरकत नव्हती.

बाबा गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहिले. "आता एवढं म्हणताय तर," ते म्हणाले, "मी. दोन नंबरचा पंप ऐकून."

प्रमुखांनी भाषणाच्या कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. इसोगाईबाईच आधी बोलल्या. "मला वाटायचंच. आमच्या घरामागेच होता तो. तीन दिवस बाळ झोपलं नव्हतं माझं." मग कोणीतरी हसलं, आणि मग सगळेच, आणि बाबांचे कान लाल झाले. पण लोक हसले तरी ते खाली बसले नाहीत.

तोक्योच्या पडद्यावरचं नाव मला बदलता येणार नव्हतं. स्टेशनसमोरचा फलकही लागायचा तेव्हा लागेल, नाहीतर नाही. पण वस्तीत सूचनांची एक फिरती फळी असते. ती एका घरातून दुसऱ्या घरात जाते आणि वाचलं म्हणून प्रत्येक जण आपल्या चौकोनात शिक्का मारतो. कचरा कुठल्या वारी, नाली कोण साफ करणार, असल्या गोष्टी तिच्यावर असतात. सोमवारी मी तिच्यावर कागद लावला. ज्या हस्ताक्षरात मी नमुना नऊ लिहिला होता त्याच हस्ताक्षरात लिहिलं: 'कामिनुमा ताइकोची रचना कुराहाशी गेन्झो यांनी पन्नास वर्षांपूर्वी बांधली. दोन क्रमांकाच्या पंपाचा व्हॉल्व्ह सदोष असल्याने हा ठेका सुचला. सर्वांनी नोंद घ्यावी.'

फळी नऊ दिवस फिरली. एकेचाळीस शिक्के उमटले. इसोगाईबाईंनी समासात बाळाविषयी तक्रार लिहून तिच्यावरही शिक्का मारला होता. शेवटचं घर बाबांचं. मी फळी घेऊन गेलो तेव्हा चिझुको तिथेच होती, देव्हाऱ्याचा खण उघडून बसली होती.

बाबांनी चष्मा लावून मजकूर दोनदा वाचला. मग म्हणाले, एक चूक आहे.

"व्हॉल्व्ह सदोष नव्हता," ते म्हणाले. "मीच तिरका बसवला होता. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी गुपचूप सरळ केला, तोवर ठेका हाताला लागला होता. पन्नास वर्षं कोणाला सांगितलं नाही. ठेका माझा म्हणायचा तर व्हॉल्व्हही माझाच म्हणायला नको का? दोन्ही लिहा."

मी दोन्ही लिहिलं. बाबांनी रेशमी फडकं उलगडलं, शिक्क्यावर फुंकर मारली आणि बेचाळिसाव्या चौकोनात तो दाबून धरला, पंपात पाणी अडल्यासारखा बराच वेळ, आणि मग उचलला. शाई वाळल्यावर चिझुकोने तो कागद फळीवरून सोडवला आणि देव्हाऱ्याच्या खणात 'स्थानिक रहिवासी' छापलेल्या पत्रिकेवर ठेवला.